कर्ण्यात मुरलेले मुळे

साठीला टेकलेल्या माणसाने आईची लोणच्याची कोठी पाडायची भाषा करावी, याला काय म्हणायचं? पण किकुएबाईंच्या शिगेहारुला लाज म्हणून नव्हती. आधी त्याने गाण्याच्या तबकड्या ऐकायला घराखाली काँक्रीटचा कर्णा बांधला. त्याचं तोंड दिवाणखान्याच्या भिंतीत, आत बैल वळेल एवढं! तरी पोट भरेना.

"खालचा सूर घुमतो गं आई. कर्णा आणखी सहा फूट लांबवला पाहिजे. मध्ये तुझी कोठी येते."

"मग माझी पिंपं कुठे ठेवू? तुझ्या डोक्यावर?"

"रविवारी माझे दर्दी दोस्त इसोबे आणि हिराकुरा ऐकायला येतायत. त्यांनी नाक मुरडलं की सोमवारी भिंत पाडणार. तोवर कोठी रिकामी कर."

केली! कोंड्यात मुरणाऱ्या मुळ्यांना थंड अंधार लागतो, आणि कोठी गेल्यावर तसली जागा घरात एकच. सुनेला हाताशी धरून किकुएबाईंनी कर्ण्यात उतरायची स्वयंपाकघरातली फळी उचलली आणि दोन्ही पिंपं, वरच्या दाबाच्या दगडांसकट, कर्ण्याच्या पोटात सोडली.

रविवारी तबकडी लागली. इसोबेने डोळे मिटले. "वा! घुमणं पार गेलं!"

हिराकुराने जन्मात कशालाच बरं म्हटलं नव्हतं. "मला जरा गुबगुबीत आवाज आवडतो. पण स्वच्छ आहे, कबूल. जुन्या लाकडी सभागृहाचा वाससुद्धा येतोय!"

"कर्ण्याची नवी तार!" शिगेहारु फुगला. "कालच बदलली. आता भिंत पाडायला नको!"

किकुएबाई किमोनोच्या बाहीआड हसल्या. कोठी वाचली! त्याच आनंदात, पाहुण्यांना मुळा वाढावा म्हणून त्यांनी फळी उचलली आणि सुनेबरोबर एक पिंप वर ओढलं.

दिवाणखान्यात कर्णा पुन्हा रेड्यासारखा हंबरला! तिघेही धावत आले.

"आई! कर्ण्यात मुळे?"

"तार बदललीस ना? मग मुळ्यांनी तुझं काय बिघडतंय?"

"काकू, आधी पिंप परत ठेवा!" इसोबे कळवळला.

"छे, एकच राहू द्या," हिराकुरा म्हणाला. "एका पिंपात गोडवा आहे."

"दोन!"

"एक!"

ताटात भात गार होत होता. शिगेहारुने पिंप आईच्या मिठीतून सोडवलं, परत कर्ण्यात सोडलं आणि कान लावून बसला. त्याचे डोळे लकाकले.

"आई, कोठी तुला लखलाभ. पण ही पिंपं आता कुणी हलवायची नाहीत. आणि हो, खारवलेल्या आलुबुखारांच्या बरण्याही आण. बघू कशा वाजतात!"

पाहुणे मुळ्याविना कोरडा भात गिळून पुन्हा ऐकायला बसले. किकुएबाई रिकाम्या कोठीच्या दारात उभ्या राहिल्या आणि कर्ण्याच्या वरताण आवाजात म्हणाल्या,

"शिगे, कान तुझ्या बापाचे घेतलेस रे. पण त्याला जेवायच्या वेळी भूक तरी लागायची!"