सुपडू आप्पांच्या पुढचा नंबर

सुपडू आप्पा रांगेत उभे राहतात तेव्हा त्यांच्या पुढे बायकांच्या चपलांचा एक जोड उभा असतो. बाई नसते, नुसत्या चपला. निळ्या पट्ट्याच्या, रबरी. रांग सरकली की आप्पा आधी त्या चपला पायाने अलगद पुढे ढकलतात आणि मग स्वतः पाऊल टाकतात. "काका, आ चंपल कोना छे?" असं कुणी गुजरातीत विचारलंच तर मान न वळवता सांगतात, "येई राह्यनी ती." म्हणजे, येतेच आहे ती.

ती कधीच येत नाही.

रांगेत चपला ठेवणं सुरतेतल्या आमच्या डिंडोलीत नवीन नाही. रेशनचं दुकान असो की आधारचं केंद्र, माणसं चपला, पिशव्या, विटांचे तुकडे रांगेत ठेवतात आणि सावलीला जाऊन बसतात. चपलेचा नंबर माणसाच्या नंबराइतकाच पक्का. पण खिडकी जवळ आली की चपलेचा मालक धावत येतो. आप्पांच्या चपलांना मालकीणच नाही. खिडकी जवळ आली की आप्पा मागे वळून रांगेवर नजर फिरवतात आणि एखाद्या बाईला हाक मारतात. लेकरू कडेवर असलेली, नाहीतर गुडघे धरून खाली बसलेली. "ताई, ये. तुना नंबर उना." चपला पिशवीत जातात आणि बाई चपलांच्या जागी येते. मागचेही कुरकुरत नाहीत, कारण ती जागा पहाटेपासून कुणाचीतरी होतीच.

आणि हे सगळं फुकट. माझा जीव जळतो तो इथे.

मी अमळनेरकडून एका पिशवीनिशी सुरतेला आलो. डाग पडलेल्या, विणीत चुकलेल्या साड्या मार्केटमधून लॉटने उचलायच्या आणि खानदेशच्या बाजारात विकायच्या, हा माझा धंदा. मी भाव केल्याशिवाय कोथिंबीरसुद्धा घेत नाही. आणि जगात फुकट कुणी काही देत नाही, या एका गोष्टीवर मी माझं दुकान उभं केलंय. आता रोज समोरच्या दारातून एक माणूस पिशवी घेऊन निघतो आणि ती गोष्ट खोटी पाडून परत येतो. आख्खी गल्ली त्याला वाट देते. मला फक्त नमस्कार करते.

दिवाळीतली गोष्ट मी अजून विसरलेलो नाही. उधना स्टेशनवर भुसावळकडच्या गाडीची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. आप्पा पुढेच उभे, आणि त्यांच्या पुढे त्या चपला. शेजारी म्हणून मी हक्काने गेलो. म्हटलं, आप्पा, जागा रिकामीच आहे, बोला काय घेता. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरात शिरून चूल विकत मागतोय. "शेठ, ती बाईनी जागा शे." मी भाव वाढवला. मी आणखी वाढवला. ते पुढे सरकले, चपलांसकट. शेवटी ती जागा त्यांनी दोन बोचकी घेतलेल्या एका बाईला देऊन टाकली, आणि मी गाडीच्या दारात लटकून गावी गेलो. मला ते 'शेठ' म्हणतात हेही मला आवडत नाही. दुसऱ्या कुणी म्हटलं तर आवडतं.

आप्पांनी जन्मभर कापडाच्या कारखान्यात लूम चालवले. कारखान्याने सोडल्यापासून त्यांना रांगांचा नाद लागला. काम असो नसो, रांग दिसली की ते शेवटी जाऊन उभे राहतात. एकदा इच्छापोरला कारखान्याच्या फाटकावर भरतीच्या रांगेत पोरांमध्ये उभे होते. सुपरवायझरने वय विचारलं, तर म्हणाले, "मी नुसता उभा शे." बँकेत तासभर उभे राहून खिडकीशी पोचले आणि कारकुनाला विचारलं, तुमच्या मुलीला आता बरं आहे का. उत्तर मिळालं, तसे खिडकीवरून बाजूला झाले. तो कारकून मला कधी मान वर करून बघत नाही, आणि माझं खातं तिथे बारा वर्षं आहे.

हेही मी सहन केलं असतं. पण त्यांनी माझ्या मायला रांगेत ओढलं.

मायच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. मी रिंग रोडवरच्या खाजगी दवाखान्यात गेलो. थंडगार खोली, बसायला सोफा, थांबायची भानगड नाही. डॉक्टरशी घासाघीस करून दोन्ही डोळ्यांचा मिळून एक दर ठरवून आलो. डॉक्टर म्हणाला, असा भाव आजवर कुणी केला नाही. मी खुशीत घरी आलो, तर माय म्हणाली, ती आप्पांबरोबर ट्रस्टच्या दवाखान्यात जाणार. तिथे तर तपासायला एक रांग, रक्ताला एक, गोळ्यांना एक, आणि ऑपरेशनच्या तारखेला वेगळी.

मी भडकलो. शेजारीपाजारी ऐकतील एवढ्या आवाजात विचारलं, माझ्या पैशाला काय वास येतो का. मी तिच्यासाठी मऊ तळव्यांच्या भारी सँडल आणल्या, त्यासुद्धा खोक्यातच पडून होत्या. माय शांतपणे भाजी निवडत होती. म्हणाली, "भाऊ, तुनासंगे बोलाना मना नंबर कव्हय लागस रे?"

तेवढ्यात फोन वाजला म्हणून मी तो घेतला.

माय आप्पांबरोबर गेली. निळ्या चपलांची जागा तिला मिळाली. मग ती रोज त्या रांगेच्या गोष्टी सांगायची. चलथाणच्या साखर कारखान्यातला एक माणूस उभ्या उभ्याच झोपतो. एक म्हातारी प्रत्येकाला विचारते की ही रांग कशाची. माय अहिराणीत हसायची. तिच्या घरात नातवंडं गुजरातीत बोलतात आणि मी फोनवर हिंदीत भांडतो, त्यामुळे ते हसू मी फार वर्षांनी ऐकत होतो. आणि ते आप्पांच्या रांगेतून येत होतं. माझा नुसता तिळपापड होत होता.

ऑपरेशन झालं. डोळ्याची पट्टी काढून काळा चष्मा दिला, त्यानंतरच्या तपासणीला मी हट्टाने बरोबर गेलो. दुकान बंद ठेवून मी रांगेत उभा राहिलो, जन्मात पहिल्यांदा. मायला आप्पांच्या बाजूला उभं केलं आणि मी मधे घुसलो. माय चष्मा थोडा वर करून खाली बघत राहिली.

"आप्पा," ती म्हणाली, "या चपला ते नव्याच शेतस. कव्हय घालेलच नहीत."

रांग सरकली, आप्पांनी चपला पुढे ढकलल्या. मग सांगितलं ते मला नाही, मायला. त्यांची बायको एकदा एकटीच दवाखान्यात केसपेपर काढायला गेली होती, कारण आप्पांना लूम सोडता येत नव्हते. वाटेत तिची चप्पल तुटली, ती तिने टाकून दिली. ती अनवाणीच रांगेत उभी राहिली. नंबर जवळ आला आणि तिला चक्कर आली, म्हणून ती भिंतीच्या सावलीला बसली. परत आली तेव्हा लोकांनी विचारलं, तुझी खूण कुठे? ठेवायला तिच्याकडे काहीच नव्हतं. तिला शेवटी पाठवलं, आणि तिचा नंबर यायच्या आत खिडकी बंद झाली. त्या संध्याकाळी कारखान्यातून येताना आप्पांनी या चपला घेतल्या.

"घालाले ती उठनीच नही," आप्पा म्हणाले, आणि पुढे सरकलेल्या रांगेकडे बघू लागले.

त्या रिकाम्या जागेचा भाव मी पहिल्यांदाच मनातही केला नाही.

पुढच्या तपासणीच्या सकाळी माय खोकं काढून बसली होती. मी आणलेल्या सँडल तिने फडक्याने पुसल्या. मला वाटलं, अखेर घालणार. तिने त्या पिशवीत टाकल्या आणि जुन्याच चपला पायात अडकवल्या. दवाखान्यात पोचल्यावर तिने पिशवीतल्या सँडल निळ्या चपलांना लावून शेजारी ठेवल्या.

"एकलीच उभी राहस ती," माय म्हणाली. "जोडीले कोनी ते पाहिजे."

मग ती सावलीत बायकांमध्ये जाऊन बसली. आप्पांच्या शेजारी मी उरलो. एवढ्या भारी सँडल, दुकानदाराला रडवून आणलेल्या, आणि त्या उपयोगी आल्या त्या दुसऱ्याच्या बायकोला सोबत म्हणून. रांग सरकली. आप्पांनी निळ्या चपला ढकलल्या, सँडल मागेच राहिल्या. ते माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

"शेठ," ते म्हणाले, "तुमनी बाजू सरकावा."

मी पायाने सँडल पुढे ढकलल्या आणि निळ्या पट्ट्यांशी नीट जुळवून ठेवल्या. भिंतीपाशी माय चष्मा वर करून आमच्याकडे बघत हसत होती. माझ्याकडे की आप्पांकडे, ते इतक्या लांबून ठरवता येईना.