टॉवेलखालचा रस्ता

"यंदाचा प्रवास असा आखलाय, की साक्षात परमेश्वर आला तरी त्याला खोट सापडायची नाही," असं हॅल्वर न्यूगार्डने रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरत जाहीर केलं. नकाशा अख्ख्या मोंटाना राज्याचा होता आणि त्यावर एकही खूण नव्हती. खुणा करणं म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणं, असं हॅल्वरचं मत.

त्याची मोठी मुलगी सिग्रिड अंडी परतत होती आणि आतल्या आत धुमसत होती. कारण नकाशाशेजारी टॉवेलांची चळत होती.

टॉवेलांचं असं होतं. डोंगरातल्या ओढ्यावर पिसांची खोटी माशी टाकून ट्राउट पकडणारा माणूस एक वेळ बायकोचं खरं वय सांगेल, पण आपला ओढा सांगणार नाही. तिकडे हे सगळ्यांनाच मान्य आहे. चर्चमध्ये शेजारी बसणारासुद्धा "मिळाले का?" एवढंच विचारतो, "कुठे?" हा प्रश्न असभ्य समजला जातो. हॅल्वर तर त्यातलाही सोवळा. मुलं शाळेत बोलतात, बायको फोनवर बोलते, म्हणून शेवटच्या टप्प्यात तो घरच्यांच्याच डोक्यावर टॉवेल टाकायचा. दर उन्हाळ्यात न्यूगार्ड कुटुंब वाळत घातलेल्या धुण्यासारखं गाडीत बसून जंगलात शिरायचं.

"मी आता शाळेची मुख्याध्यापिका आहे, बाबा," सिग्रिड म्हणाली. "मी टॉवेलखाली बसणार नाही."

"मुख्याध्यापिका तर सगळ्यांत जास्त बोलतात," असं म्हणून तो चिमट्यात धरलेल्या गळाला कुत्र्याचे केस गुंडाळू लागला. माशा तो स्वतःच बांधायचा, त्यामुळे घरातला कुत्रा कायम अर्धवट भादरलेला असायचा.

भांडण पेटलं. तिने त्याला ऐकवलं की घरात कुणालाही त्या ओढ्याचं सोयरसुतक नाही. सगळे येतात ते तुमचा आरडाओरडा नको म्हणून. तो म्हणाला, मग येऊ नका. एवढ्यात अंडी करपली. तिने ती तशीच त्याच्या ताटात आदळली आणि त्याने ती मुकाट्याने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॅल्वर गॅरेजमधल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला.

त्याची शेवटची इच्छा पाद्र्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना पाठ होती: माझी राख माझ्या ओढ्यात सोडा. प्रश्न एवढाच उरला, की ओढा कुठला?

प्रार्थना आटोपून पाहुणे गेले, तेव्हा आईने, म्हणजे वर्नाने, दार लावून घेतलं आणि हळूच सांगितलं की हे गुपित त्यांनी आयुष्यात फक्त तिलाच सांगितलं होतं. लंगड्या घोड्याचा ओढा. धाकट्या भावाचा, कर्टिसचा घास तोंडातच राहिला. त्याला बाबांनी बायबलवर हात ठेवायला लावून सांगितलं होतं, विधवेचा ओढा. आणि सिग्रिडच्या लग्नात, तिला हाताला धरून वेदीकडे नेताना, तिच्या कानात सांगितलं होतं, तांब्याचा ओढा. पुढे नवरा सुटला, पण तिने त्या नावाचा ब्र कधी काढला नव्हता.

सिग्रिडच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून ती जिवंत असलेल्या दोघांशी भांडली. मग तिने स्वतः प्रवास आखला, अगदी शाळेच्या वेळापत्रकासारखा: तिन्ही ओढे बघायचे, खरा ओळखायचा, राख सोडायची, घरी यायचं. लंगड्या घोड्याच्या ओढ्यात पाण्याऐवजी गुडघाभर गवत होतं आणि त्यात गाई चरत होत्या. विधवेच्या ओढ्याचं पाणी खाणीमुळे हळदीच्या रंगाचं झालं होतं. त्यात एकही मासा जगला नसता. आणि तांब्याचा ओढा? तो तर नव्हताच. त्या नावाचा ओढा त्या डोंगरांत कधी कुणी पाहिलेला नव्हता.

"मला तर निदान असलेला ओढा सांगितला," कर्टिस म्हणाला.

"तू गप्प बस," सिग्रिड म्हणाली.

तेव्हा वर्नाने टॉवेल मागितला.

तिचं म्हणणं साधं होतं. रस्ता तिने कधी पाहिलाच नव्हता, तर डोळ्यांना तो आठवणार कसा? पण अंगाला आठवत असेल. गाडी नेहमी ज्या पेट्रोल पंपावर थांबायची, तिथे न्या. तिथे आइस्क्रीम खायचं आणि डोकी झाकायची, ही रीत. तिथून पुढे मी सांगते.

त्यांनी रीतसर आइस्क्रीम खाल्लं. वर्ना टॉवेल घेऊन मागे बसली. कर्टिसने राखेचा डबा मांडीवर घेतला आणि आपणही टॉवेल घेतला. कारण लहानपणी गाडी लागून तो ओकायचा ते एका ठरावीक वळणावर, आणि ते वळण पोटाला बरोब्बर कळेल असा त्याचा दावा होता. सिग्रिड दात-ओठ खात गाडी चालवू लागली.

"डावीकडे. आता उतार लागेल," टॉवेलखालून आवाज आला, आणि उतार लागला. "आता फळ्यांचा पूल." फळ्या खडखडल्या. कर्टिसला वेळेवर मळमळू लागलं. सिग्रिडला जरा आशा वाटू लागली, आणि तेवढ्यात मागे पोलिसांचे दिवे लुकलुकले.

शेरीफच्या माणसाने काचेतून आत पाहिलं. मागे दोन डोकी झाकलेली माणसं, एक कण्हतोय, आणि पुढे बाई अशी, की कुणाचा तरी जीव घेऊनच निघाली असावी. त्याने तिला हात स्टिअरिंगवर ठेवायला लावले आणि वर्नाला हळुवारपणे विचारलं, की आजी, तुम्ही आपल्या मर्जीने आला आहात ना?

"मध्ये बोलू नका हो," टॉवेल म्हणाला. "माझं वळण चुकेल."

डब्यात काय आहे, असं त्याने विचारलं.

"माझे वडील," सिग्रिड म्हणाली, आणि ती इतकी संतापलेली होती की त्याने हात पिस्तुलाकडे नेला. मग तिला सगळं सांगावं लागलं: ओढा, टॉवेल, तीन नावं. त्याने टोपी काढली.

"ही तिन्ही नावं मला माझ्या सासऱ्यांनीही सांगितली आहेत," तो म्हणाला आणि त्यांना सोडून दिलं.

पुढे डावीकडे, परत डावीकडे, गाईगुरांना अडवायला रस्त्यात आडवे पुरलेले लोखंडी दांडे, मग खडी. "थांब," वर्ना म्हणाली. "इथेच."

टॉवेल निघाले. खाली झाडीत ओढा होता. पांढऱ्या पट्ट्याचा तो खडकही होता, ज्यावर आपटून कर्टिसचा दात पडला होता. कर्टिस रडायलाच लागला. वरच्या बाजूने धबधब्याचा आवाज येत होता. लहानपणी तिकडे जायला सक्त मनाई होती. त्या धबधब्याने एक आख्खा घोडा गिळला आहे, असं बाबा सांगायचे. सिग्रिड झाडी बाजूला करत चढ चढली.

वर धबधबा नव्हता, हमरस्ता होता. मालट्रक घोंघावत जात होते. रस्त्याच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, पेट्रोल पंप होता. तोच. दारातली आइस्क्रीमवाली बाई तिला ओळखून हात हलवत होती.

ती खाली आली आणि तिने दोघांना सांगितलं. इतकी वर्षं हा माणूस आपल्याला डोंगराला वळसा घालून रस्त्याच्या पलीकडे आणत होता.

"मी सगळं लहानपण ओकत होतो," कर्टिस म्हणाला, "एक रस्ता ओलांडायला?"

वर्ना खडकावर बसली. डास, ओले मोजे, वाळूने कचकचणारे सँडविच, तिने एकेक काढलं आणि शेवटी शांतपणे सांगून टाकलं की तिला इथे कधीच, एक दिवसही आवडलं नाही. कर्टिस म्हणाला, मलाही नाही. सोडा राख आणि चला.

सिग्रिड डबा घेऊन पाण्यात उतरली. झाकण उघडेना, तशी ती डब्यालाच मोठमोठ्याने शिव्या घालू लागली. उघडलं तेव्हा राख पाण्यावर पसरली, एका दगडाभोवती फिरली आणि निघाली. खालच्या वळणावर गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाने गळाची काठी खाली केली, आणि अदबीने हाक मारून विनंती केली, की बाई, जरा हळू बोला, मासे बुजतात.

"मला आवडायचं," ती ट्रकांच्या वरताण आवाजात म्हणाली. "बाबा, ऐकताय का? खोटारडे कुठले. मला आवडायचं. टॉवेलसकट."