पॅसेजमधली नागमोडी

घर कसं चालवावं हे मला कुणी शिकवू नये! चौथीत शाळा सोडली ती मास्तरांचं शिकवून संपलं म्हणून, असं मी सांगते. आजवर उलटून विचारायची कुणाची छाती झालेली नाही.

तर मी पॅसेजमधली शर्यत बंद करायचं ठरवलं. आमच्याकडे स्वयंपाकघरापासून पुढच्या दारापर्यंत फूटपट्टीसारखा सरळसोट पॅसेज आहे. त्यात नात भिंगरीसारखी स्कूटर पळवायची, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आमचे हे चाकांच्या खुर्चीतून तिच्याशी पैज लावायचे. जन्मभर साधी भाजी आणायला जागचे हलले नाहीत, आणि आता चाकं मिळाली तर थांबेनात!

मुलगा माझा रेसच्या गाड्यांचे ट्रॅक आखतो. वळणं काढायचा पगार मिळतो त्याला. त्याला वळण लावताना मला कुणी छदाम दिला नाही! जेवताना विचारलं, "काय रे, गाड्यांचा वेग मोडता कसा?"

"शिकेन टाकतो, आई. सरळ रस्त्यात मुद्दाम एक डावं वळण, लगेच एक उजवं. ब्रेक दाबल्याशिवाय सुटका नाही."

झालं! सकाळी उठून चपलांचा स्टँड डाव्या भिंतीला आडवा घातला, त्याच्या पुढे उजवीकडून शिवणयंत्र. शिकेनबिकेन नाही, सरळ नागमोडी म्हणायचं!

संध्याकाळी बघते तो शर्यत दुप्पट! आधी हे नुसते जायचे. आता वळणावर अंग तिरकं करून आरोळी ठोकायला लागले.

"तुझी विद्या उलटली की रे!" मी मुलाला झापलं.

तो पॅसेजमध्ये उकिडवा बसला, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाला, "आई, हे फर्स्टक्लास वळण झालंय!"

"म्हणजे काय?"

"आधी लांब सरळ रस्ता, म्हणून वेग येतो. तोंड रुंद, म्हणून दोघं शेजारी शेजारी घुसतात. मग आपण आधी ब्रेक दाबायचा नाही, यात खरी छाती! वाईट वळणावर सगळे मुंग्यांसारखे एकामागे एक. पुढे जायची सोयच नाही."

राग यायला हवा होता. पण फर्स्टक्लास हा शब्द माझ्या वाट्याला शाळेत कधी आला नव्हता हो!

"आणि अगदीच टाकाऊ वळण कोणतं?"

"जे सोडून सरळ गेलं तरच फायदा होतो, ते. ड्रायव्हर वळतच नाही, कडेच्या गवतावरून निघून जातो."

"माझी नागमोडी सोडून कोण जातंय!"

मग मलाच चाळा लागला. स्टँड बोटभर इकडे, बोटभर तिकडे. स्वयंपाकघरातली चाकांची ट्रॉली रिकामी ढकलून बघितली. आधी लांबची भिंत धरायची, मग स्टँडच्या कोपऱ्याला घासून जायचं, आणि बाहेर पडताना पुन्हा भिंतीकडे. असं केलं की वेग मोडतच नाही! का? तर वाकडी वाट आपोआप थोडी सरळ होते म्हणून. आहे की नाही गंमत!

आता सूनबाई घरी केक करते. तिला पहिली मोठी ऑर्डर आली, एका कंपनीच्या समारंभाची. तीन मजली केक! आवडला तर कायमचं काम मिळणार होतं, त्यामुळे बिचारीची झोप उडालेली. पहिला केक जावईबापूंच्या मानेसारखा कलला, तो फ्रीजमध्ये ठेवून तिने दुसरा केला.

निघताना म्हणाली, "आई, आजच्यापुरता स्टँड हलवू का?"

"मुळीच नाही! फर्स्टक्लास वळण आहे ते. ट्रॉली मी नेते. मागच्या दाराला पायऱ्या आहेत, तिथून ट्रॉली उतरणार नाही."

सूनबाईने लगेच मान डोलावली. ती कधी लगेच ऐकत नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती!

"बरं," म्हणाली, "खोका ट्रॉलीवर ठेवते. तुम्ही या सावकाश."

सावकाश? मी? लांबची भिंत धरली, स्टँडचा कोपरा घासला, आणि समोरून आमचे हे!

"बाजूला हो गं!"

"तुम्ही ब्रेक दाबा!"

"आधी तू!"

दोघांचीही छाती मोठी! ट्रॉली शिवणयंत्रावर, खोका हवेत, आणि तिन्ही मजले माझ्या डोक्यावर.

मी तिथेच मटकन बसले. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. पोरीचं काम माझ्या तोऱ्याने बुडालं होतं! तशीच उठले, तोंड दाखवायची हिंमत नव्हती तरी पुढच्या दारात गेले.

फाटकाशी मुलाची गाडी चालू. मागच्या सीटवर सूनबाई, आणि मांडीवर तीन मजली केक, मास्तरांसारखा ताठ!

"अगं, मग माझ्या डोक्यावरचा कोणता?"

"तो कललेला, आई. आम्ही दोघं हा उचलून मागच्या दाराने आलो."

मुलाने काच खाली केली, माझ्या नाकावरचं क्रीम बोटाने चाखलं, आणि गाडी काढली.

मागून हे खुर्ची हाकत आले. "काय गं, काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं, "सूनबाई गवतावरून गेली."