चौसष्ट फरश्या आणि एक दांडा

दिनांक ४ फेब्रुवारी, सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. घरातील माणसे तीन, न्हाणीघर एक.

माणसाची खरी संस्कृती दिवाणखान्यात नव्हे, न्हाणीघरात कळते. दिवाणखान्यात तो पाहुण्यांसाठी सभ्य असतो. न्हाणीघरात तो एकटा असतो, आणि तरीही दाराला आतून कडी लावतो. मानवी प्रतिष्ठेचे सार या कडीत आहे. शास्त्रज्ञांनी या विषयाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही (आंघोळ तेही करतात, परंतु त्या वेळी टिपणे काढत नाहीत).

सदर घरातील आईंनी ही कडी पाच महिन्यांत लावलेली नव्हती. वय चौऱ्याऐंशी. सप्टेंबरात पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले, नंतर नीट जुळलेही. काठी घेऊन त्या फाटकापर्यंत जाऊन येत, शेजारणीच्या सुनेला नावे ठेवून येत. मात्र आंघोळ सून घालत असे, खुर्चीवर बसवून, दार उघडे ठेवून. सून प्रेमाने घालत असे, ही त्यातली अधिकच अवघड बाब.

त्या सकाळी आईंनी मुलाला हाक मारली. "अरे, भिंतीत एक दांडा बसव मला. धरून उठता येईल असा. बाकी काही नको. माझी मी आंघोळ करीन, कडी लावून."

"आणि पडलीस तर?"

"पडले तर ओरडेन. इतकी वर्षं तुझ्यावर ओरडले, आवाज शाबूत आहे माझा."

मुलाचे वय सहासष्ट. एका तंत्रनिकेतनात एकतीस वर्षे आरेखन शिकवून ते निवृत्त झाले होते. विद्यार्थी त्यांना मिलिमीटरराव म्हणत, आणि पुढे सारी गल्लीच तसे म्हणू लागली. (लग्नाच्या फोटोत ते किंचित उजवीकडे झुकलेले दिसतात. फोटोग्राफरचा कॅमेरा तिरका होता, असे त्यांचे म्हणणे आहे.) आईची मागणी त्यांनी वहीत लिहून घेतली : "दांडा, नग एक." पुढे जे घडले त्यात या नोंदीत कधीही खाडाखोड झाली नाही, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

मिस्त्रीला बोलावण्यात आले. त्याने जुन्या भिंतीवर बोटाने टकटक केले. "पोकळ आहे साहेब. भोक पाडलं की टाइल तडकणार."

म्हणजे दांड्याचा प्रश्न मुळात फरश्यांचा प्रश्न होता. फरश्या बदलायच्या तर त्या विचारपूर्वक बदलायला हव्यात. विचारपूर्वक म्हटले की दुकानात जाणे आले. दुकानात गेलेला माणूस नुसता दांडा घेऊन परत आल्याचे उदाहरण उपलब्ध नाही.

दुकानदाराने त्यांना संगमरवरासारख्या दिसणाऱ्या फरश्यांपुढे उभे केले. पांढराशुभ्र पृष्ठभाग, त्यावरून राखाडी शिरा वाहत गेलेल्या.

"मग खरा संगमरवरच का घेऊ नये?" मिलिमीटररावांनी विचारले.

दुकानदाराने त्यांच्याकडे कीव येऊन पाहिले. "काका, खरा संगमरवर संगमरवरासारखा दिसेलच, याची खात्री कोण देणार? डोंगरातून निघतो तो. कुठे डाग, कुठे चीर. यातली चीर बघा, छापील आहे. कारखान्याची गॅरंटी आहे चिरेला."

मिलिमीटरराव या युक्तिवादापुढे नतमस्तक झाले. निसर्गाने जे काम कोट्यवधी वर्षे अंदाजपंचे केले, ते येथे मापात झालेले होते. साठ सेंटिमीटर बाय साठ सेंटिमीटरच्या चौसष्ट फरश्या लागणार होत्या. तुटफुटीसाठी आठ जास्त घेतल्या.

घरी आल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. बहात्तर फरश्यांवर नक्षीचे प्रकार अवघे सहा होते. परंतु त्या विशिष्ट क्रमाने लावल्यास एक शीर दुसरीला मिळून एकच अखंड शीर तयार होत होती. ती उंबरठ्याशी उगम पावून जमिनीवरून वाहत समोरच्या भिंतीवर चढे आणि खिडकीपाशी अंतर्धान पावे. मिलिमीटररावांनी तिला "मुख्य शीर" असे नाव दिले आणि एकोणीस दिवस खपून तिचा नकाशा काढला. प्रत्येक फरशीला क्रमांक मिळाला. नातवंडांचे वाढदिवस न आठवणाऱ्या या गृहस्थांना सदतीस क्रमांकाच्या फरशीचा डावा कोपरा तोंडपाठ होता.

दरम्यान जुने न्हाणीघर फोडण्यात आले. घरच्यांची अडचण होऊ नये म्हणून मिस्त्रीने मागील अंगणात तात्पुरती सोय केली : तीन बाजूंनी पत्रे, खाली खडबडीत सिमेंटचे चार ठोकळे, समोर फोडलेल्या न्हाणीघराचेच जुने दार. (आईंना आंघोळ इथेही सूनच घालत असे, खुर्चीवर बसवून, दार उघडे ठेवून.) जमिनीत त्याने एक लोखंडी पाइपही ठोकला. "माझे गुडघे गेलेत साहेब. हातपाय धुवून उठायचं तर काहीतरी धरायला पाहिजे." या संपूर्ण बांधकामास पंचवीस मिनिटे लागली आणि नकाशा एकही नव्हता. पाइप ओळंब्यापासून अकरा अंश झुकलेला आहे, एवढी नोंद घेऊन मिलिमीटरराव आपल्या कामाकडे वळले.

पहिला मतभेद उताराचा झाला. जाळीकडे पाणी जाण्यासाठी जमिनीला तीन सेंटिमीटर उतार हवा, असे मिस्त्रीचे मत. तसे केल्यास भिंतीपाशी मुख्य शीर तीन सेंटिमीटर खाली घसरते, असे नकाशाचे मत.

"रेघ घसरली तर कोण मरतंय साहेब?" मिस्त्री म्हणाला. "पाणी घसरलं नाही तर डबकं होईल."

"पाणी पुसता येतं," मिलिमीटरराव शांतपणे म्हणाले. "रेघ पुन्हा काढता येत नाही."

जमीन सपाट झाली. मग जाळी नेमकी शिरेच्या पात्रात येते असे आढळल्याने ती कोपऱ्यात, दारामागे गेली. नळ सदतीस क्रमांकावर येत होता; तो भिंतीपलीकडे बोळात गेला. (बोळातून बादली भरून आत नेणे हा वयोवृद्धांसाठी उत्तम व्यायाम आहे, असे मिलिमीटररावांनी पत्नीला सांगितले. "मग वयोवृद्धांनीच करावा तो, मी आहे अजून पंधरा दिवस एकसष्टची," असे पत्नीने सांगितले.) कडी स्टीलची होती आणि ती शुभ्रतेत खुपत होती, तिच्या जागी लोहचुंबक बसले. दार आता फुंकर मारली तरी मिटत असे आणि फुंकर मारली तरी उघडत असे.

अखेरीस मिस्त्रीने विचारले, "दांडा कुठं मारू?"

वहीतील नोंद कायम होती. दांड्याला आठ भोके लागतात. बसलेल्या माणसाचा हात पोचेल अशी भिंत एकच, आणि तिच्यावर मुख्य शीर आपल्या ऐन तारुण्यात होती. तीन दिवसांच्या विचारानंतर दांडा दुहेरी चिकटपट्टीने लावण्यात आला व शेजारी सुबक अक्षरात सूचना लिहिण्यात आली : "दांडा धरावा. त्यावर भार देऊ नये."

आई काठी टेकत पाहायला आल्या. सूचना त्यांनी दोनदा वाचली.

"धरायचा, पण भार द्यायचा नाही?"

"अगदी बरोबर."

"मग हात जोडू का त्याला?"

दिनांक २२ जून, रविवार, सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी न्हाणीघराचा वापर सुरू होणार असे ठरले. पहिला मान अर्थातच आईंचा. टॉवेल, धुतलेले कपडे आणि साबणाची डबी मांडीवर घेऊन त्या बोळातल्या खुर्चीवर बसल्या. "दहा मिनिटं, आई," मिलिमीटरराव म्हणाले. "एकदा सगळं नजरेखालून घालतो."

प्रथम समतलमापक ठेवून जमीन तपासण्यात आली. बुडबुडा मध्यावरून हलला नाही. त्यानंतर वापराचे नियम दाराबाहेर लावण्यात आले. प्रवेशापूर्वी पाय कोरडे असावेत. साबण पांढराच असावा. पाणी अर्धी बादली, तेही अंगाला लगटून ओतावे; उडवू नये. चकाकत्या पृष्ठभागावर थेंब वाळल्यास डाग पडतो, सबब प्रत्येक थेंब ज्याचा त्याने टिपून घ्यावा. शक्य असल्यास आंघोळ बाहेर करून आत कोरडे यावे. (शेवटचा नियम ऐच्छिक होता.)

साडेआठपासून पाहुणे येऊ लागले. अकरापर्यंत त्यांची संख्या एकतीस झाली. सत्तावीस जणांनी हात फिरवून विचारले, "खरा आहे?" "नाही" असे उत्तर मिळताच सत्तावीसही जणांचे चेहरे उजळले. "अगदी खऱ्यासारखा," ते म्हणाले. खरा असता तर त्यांना म्हणायला काही उरले नसते.

उरलेल्या चौघांत समोरच्या बंगल्यातले वकील होते. त्यांच्याकडे अस्सल संगमरवर आहे. ते खालच्या आवाजात म्हणाले, "आमचा याच्यापुढे खोटा वाटतो हो." त्यांचे सांत्वन करण्यात पाव तास गेला. दुकानदार कॅमेरा घेऊन आला. त्याने बादली बाहेर ठेवायला लावून अठरा फोटो काढले. बादलीमुळे न्हाणीघर आंघोळीचे वाटत होते.

मग मिलिमीटररावांचा चेहरा पांढरा पडला (छटा : फरशीपेक्षा किंचित पिवळट). एक्केचाळीस क्रमांकाची फरशी उलटी बसली होती. मुख्य शीर तिथे चार मिलिमीटर मागे वळून मग पुढे जात होती.

तेरा माणसे एकाच वेळी आत शिरली. कोणी म्हणे दिसत नाही, कोणी म्हणे आता दिसले, यापुढे दुसरे काही दिसायचेच नाही. मिस्त्री म्हणाला, "साहेब, नदीसुद्धा वळते की." वकील म्हणाले, हा दोष ठेवल्यास फरशी अस्सल समजली जाण्याचा धोका आहे. काढायची झाल्यास सभोवतालच्या आठ फुटतील. जादा फरश्याही बरोबर आठ. मात्र मग नववीचे, म्हणजे खुद्द एक्केचाळीसचे काय, हा पेच कोणालाच सुटेना. मतदान झाले. सहा विरुद्ध सहा, आणि वाणीसामान पोचवायला आलेला गृहस्थ तटस्थ.

अकरा वाजून दहा मिनिटांनी पत्नी म्हणाली, "अहो, खुर्ची रिकामी आहे."

मागील अंगणातून पाण्याचा आवाज येत होता. तो अर्ध्या बादलीचा नव्हता. मिलिमीटरराव पत्र्यांपाशी जाऊन उभे राहिले. जुने दार बंद होते.

"आई?"

"थांब तिकडेच. कडी लावलीय मी."

मिलिमीटरराव थांबले. आत तांब्या बादलीवर आपटला, मग कोणीतरी लोखंड घट्ट धरून, कण्हत, सावकाश, पण आपले आपण उभे राहिले.

"आई, तो पाइप तिरका आहे."

"असू दे. मीही तिरकीच आहे. हा भार घेतो."

प्रस्तुत कथेतील खर्चलेला काळ साडेचार महिन्यांहून अधिक आहे. एक्केचाळीस क्रमांकाची फरशी अद्याप विचाराधीन आहे. आई मांडीवर टॉवेल घेऊन बोळात बसल्यापासून अकरा वाजून दहा मिनिटांपर्यंत, तीन तास पाच मिनिटे आणि पुढचे पाच परिच्छेद, त्यांचा उल्लेख कोठेही आलेला नाही. त्या वेळात एकतीस पाहुणे त्यांच्या खुर्चीला वळसा घालून आत गेले. आणि सुज्ञ वाचक एक्केचाळीस क्रमांकाच्या फरशीपाशी त्या तेरा जणांमागे टाचा उंचावून उभे होते, नवव्या फरशीची सोय कशी लावावी याचा हिशेब करत.

आजअखेर आईंनी कडी लावून केलेल्या आंघोळी : मागील अंगणात एकशे त्रेचाळीस, नव्या न्हाणीघरात शून्य. त्या सकाळी खुर्चीवरून आई कोठे गेल्या अशी वाचकांकडून आलेली विचारणा : शून्य.