भाईकाकांचे पक्षकार

आमचे भाईकाका मांजरांना अहोजाहो करतात. गमतीने नव्हे, अगदी मनापासून. सकाळी मागीलदारी ताटली ठेवताना "या, बसा. काल जेवला नाहीत, काय बिनसलं?" असं ते ज्यांना विचारतात ते रावसाहेब म्हणजे एक म्हातारा पिवळा बोका आहे, हे पडवीत बसलेल्या परक्या माणसाला कळायचा काही मार्ग नाही. विम्याचा एक एजंट "पाहुणे जेवतायत, मी नंतर येतो" म्हणून उठून गेला होता.

काकीचा यावर कायमचा टोमणा आहे. "मला जन्मात एकदा तरी अहो म्हटलंन काय, विचार गो तुझ्या काकाला."

"तू घरची," काका म्हणतात. "ते पक्षकार आहेत."

काका जन्मभर कोर्टात कारकून होते. ते निवृत्त झाले, त्यांची भाषा झाली नाही. दूध नासलं की ते 'निकालात निघतं'. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे 'तहकूब' म्हणजे काय हे मला रावसाहेबांचं जेवण लांबलं तेव्हा समजलं. मी शेजारच्याच घरात राहते, घरूनच कॉम्प्युटरवर काम करते आणि माणसांशी जमेल तितकं कमी बोलते. माझ्या लग्नाचं विचारणाऱ्या आत्यांना काका "ते प्रकरण अजून दाखलच नाही" असं सांगून परत पाठवतात. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांचं काहीही ऐकते.

पक्षकार सगळेच अधू. रावसाहेबांची किडनी गेलेली. माईसाहेबांना दात नाहीत. तिसरे लंगडे, पण सगळ्यांच्या ताटलीत तोंड घालतात म्हणून त्यांचं नाव वकीलसाहेब. माईसाहेबांसाठी काका मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन मऊ मासळी निवडून आणतात. तिथल्या एका मासेवाल्या मावशीने "कोणासाठी एवढं बघताव?" म्हणून विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "घरात दात नसलेल्या बाई आहेत." मावशीने मूठभर कोलंबी वर घातली आणि म्हणाली, "आईला नमस्कार सांगा." काकांनी घरी येऊन तो माईसाहेबांना सांगितला.

गेल्या वर्षी काकीला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं आणि मग केमोसाठी कोल्हापूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. काकांनी त्या आजाराचं नाव एकदाही घेतलं नाही. ते म्हणतात, "उद्या तारीख आहे." शेजारच्यांना बरेच दिवस वाटत होतं की जमिनीचा काही वाद चाललाय.

तारखेला आम्ही तिघं जातो. डॉक्टर शेवटी विचारतात, "काही विचारायचंय?" काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतात. मी माझ्या चपलांकडे बघते. मग काकीच डोक्याचा रुमाल सारखा करून उलट्यांचं, तापाचं, जेवणाचं सगळं विचारते. आमच्यातलं आजारी माणूस तेवढं बोलतं.

घरी आल्यावर काका खोलीच्या दारात उभे राहतात. आत येत नाहीत. मासळीचा वास काकीला सोसत नाही म्हणून पक्षकारांचा स्वयंपाक त्यांनी मागच्या चुलीवर नेला. पेज ते करतात, औषधं ते आणतात. पण सगळं माझ्या हाती आत पाठवतात आणि चौकटीला टेकून विचारतात, "घेतलंन काय?"

"मी इथेच आहे. मलाच विचारा की," काकी म्हणते.

काका मान हलवतात आणि मांजरांकडे जातात.

एकदा काकी मला म्हणाली, "आजाराचं मी बघून घेईन गो. पण हे दारात उभे राहतात ना, ते नाही बघवत. उद्या माझं काही झालं तरी हे उंबऱ्यावरूनच बघतील, असं वाटतं."

मी चादर सारखी केली.

मध्यंतरी रावसाहेबांनी खाणं सोडलं. मी स्कूटर काढली. मागे मांडीवर टोपली घेऊन काका, टोपलीत रावसाहेब. मांजरांच्या डॉक्टर म्हणजे सांगलीकडून नवीनच आलेली, माझ्याच वयाची मुलगी. तिने रावसाहेबांना कातडीखाली सलाईन लावलं. ते डोळे मिटून पडून राहिले. आणि काका बोलायला लागले.

"उलटी झाल्यावर पाणी लगेच द्यावं की थोड्या वेळाने?"

"थोड्या वेळाने. घोट घोट."

"तोंडाची चव जाते का हो? कालपर्यंत आवडीचं होतं ते आज पुढ्यातून सारतात."

"जाते. रुचेल ते देत राहायचं. आग्रह नाही करायचा."

"तळव्यांना मुंग्या येतात. त्याने झोप लागत नाही. चोळले तर काही अपाय नाही ना?"

तिने सलाईनची गती कमी केली. "मुंग्या येतात असं यांनी सांगितलं तुम्हाला?"

"बोलत नाहीत," काका म्हणाले. "पण कळतं."

ती हसली नाही. काका रावसाहेबांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्या पाठीवर गोधडीसारखे दाट केस आहेत.

"आणि गेलेले केस," काका म्हणाले, "परत येतात?"

डॉक्टरने रावसाहेबांकडे पाहिलं, मग काकांकडे. मग स्टूल ओढून ती त्यांच्यासमोर बसली.

"येतात काका. औषधं संपली की येतात. माझ्या मावशीचे आले. आधी अगदी मऊ येतात, तान्ह्या बाळासारखे. आणि तळवे चोळा, हलक्या हाताने. बरं वाटतं त्यांना. पण तिकडच्या डॉक्टरांच्याही कानावर घाला. विचारल्याचा कुणाला राग येत नाही."

"हो," काका म्हणाले. "हो, हो." मग त्यांना टोपलीचं झाकण काही केल्या लागेना. ते मी लावलं.

परतताना रावसाहेब वाटभर ओरडत होते.

संध्याकाळी मी पेज घेऊन काकीच्या खोलीत होते. काका खोबरेलाची वाटी घेऊन दारात आले, तिथे थोडे थांबले आणि आत येऊन खाटेच्या कडेवर बसले. काकीचा पाय त्यांनी मांडीवर घेतला.

"अगोबाई. हे काय नवीन?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"कुठल्या? मी होते की प्रत्येक वेळी."

"दुसऱ्या आहेत एक."

काकीने माझ्याकडे पाहिलं. मी पेज ढवळायला लागले.

"केसपण येतात म्हणाल्या," काका तळव्याकडेच बघत म्हणाले. "पुढच्या तारखेला मी विचारणार आहे तिकडे. सगळंच विचारणार आहे."

काकीने उशीला डोकं टेकवलं. मग डोळे मिटून म्हणाली, "जरा जोर लावा. मोडत नाही मी."