पाणवठ्यावरचा भोंगा

एका जंगलात, बाळांनो, काटेनाना नावाचं एक साळिंदर राहायचं. नानांना एक वाईट खोड होती. बिघडलेली वस्तू दिसली की ती उघडून बघायची.

सहलीला येणारी माणसं जंगलात काय काय टाकून जातात, हे तुम्हाला ठाऊक आहेच, कारण तुम्हीही टाकता. नाना ते सगळं बिळात आणून ठेवायचे. फुटका रेडिओ, खेळण्यातली मोटार, जुन्या बॅटऱ्या, कुठल्याशा जीपचा भोंगा. बिळात पाय ठेवायला जागा नव्हती आणि नाना सुखात होते.

नानांच्या शेजारी ठिपकीमावशी नावाची चितळीण राहायची. तिचा मागचा एक पाय अधू होता. पाणवठ्यात मगर होती. ती दिसली की बाकीची चितळं चार उड्यांत पसार व्हायची. मावशीला मात्र पळायला थोडा जास्त वेळ लागायचा, आणि मगर तेवढा वेळ कुणाला देत नाही.

म्हणून नानांनी मावशीसाठी एक यंत्र केलं. यंत्राचा मेंदू म्हणजे मायक्रोकंट्रोलर, नखाएवढी एक चिप. पाण्याखाली काही मोठं सरकलं की चिपला कळायचं आणि ती भोंग्याला हुकूम सोडायची. उन्हावर चार्ज होणारी एक बॅटरी होती. वर एक हिरवा दिवा होता. दिवा लागलेला असला की चिप जागी आहे असं समजायचं.

पहिल्या आठवड्यात भोंगा तीनदा वाजला. मावशी तीनदा वाचली आणि मगरीला तीनदा उपास घडला. नानांची मान ताठ झाली.

मग एका ढगाळ सकाळी भोंगा वाजलाच नाही. मावशी शेपटीचे केस मगरीच्या तोंडात ठेवून कशीबशी सुटली. दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला. तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी पुन्हा वाजला.

वस्तू साफ बंद पडली तर एक वेळ परवडतं, बाळांनो. पण कधी चालते आणि कधी चालत नाही, अशी वस्तू भल्याभल्यांचं डोकं फिरवते. नानांनी वायरी बदलल्या. त्यांच्या सांध्यांना पुन्हा डाख दिला. चिपमधला प्रोग्रॅम तीनदा नव्याने लिहिला. घरी आणलं की यंत्र अगदी शहाण्यासारखं चालायचं. डॉक्टरच्या दारात पोचल्यावर दाढदुखी थांबते ना, तसं.

शेवटी नाना वडाखालच्या जाणकारांच्या कट्ट्यावर गेले. तिथे घुबडराव बसलेले असायचे. त्यांनी आयुष्यात एकही यंत्र बनवलं नव्हतं, त्यामुळे त्यांचं एकही यंत्र बिघडलं नव्हतं.

"चिप कुठली वापरलीत?" घुबडरावांनी विचारलं.

नानांनी सांगितलं. सगळ्या कट्ट्याने हळहळ व्यक्त केली.

"ही चिप आता कोण वापरतं?" घुबडराव म्हणाले. "सगळं काढून टाका आणि नव्याने बनवा."

"पण बिघाड कशामुळे होतोय?"

"हा प्रश्न आधी विचारून झालाय," उलटं लटकलेलं वटवाघूळ म्हणालं. "जुन्या नोंदी बघायची तसदी घ्या जरा."

नानांनी जुन्या नोंदी उपसल्या. तीन वर्षांपूर्वी एका खवल्या मांजराने अगदी हाच प्रश्न विचारला होता. त्याखाली त्यानेच लिहिलं होतं, 'सुटला प्रश्न. सर्वांचे आभार.' कसा सुटला, ते लिहिलं नव्हतं. नाना शांत स्वभावाचे होते, पण त्या दिवशी त्यांचे सगळे काटे उभे राहिले.

मग त्यांनी सरकारी यंत्रतपासणी खात्याकडे अर्ज केला. खात्याचे प्रमुख वानरसाहेब. खात्याची वेळ दुपारी बारा ते पाच. आता गंमत अशी की वाघमहाराजांची वामकुक्षीही बारा ते पाच. त्या वेळात आवाज करायला सक्त मनाई होती. म्हणून साहेब यंत्र तपासायला आले की आधी भोंग्याची वायर काढून ठेवायचे.

मग ते काठी घेऊन पाणी ढवळायचे. चिप हुकूम सोडायची. भोंग्याऐवजी लावलेल्या मीटरचा काटा हलायचा. हिरवा दिवा डौलात तेवत असायचा.

"उत्तम!" असं हळूच म्हणून साहेब शिक्का मारायचे. यंत्रावर असे चौदा शिक्के जमले.

हसू नका. नानांचं बीळही महाराजांच्या गुहेमागच्याच टेकाडात होतं. दुपारी घरी तपासताना तेही वायर काढूनच तपासत होते. साहेबांना अक्कल नव्हती असं म्हणायचं, तर नानांची अक्कल तरी कुठे गेली होती?

एवढ्या सगळ्यांनी यंत्राची चौकशी केली, पण मावशीला कुणी काही विचारलं नव्हतं. तपासणीच्या फॉर्मात तिच्यासाठी रकानाच नव्हता. एके दिवशी तीच म्हणाली, "नाना, एक सांगू का? मला त्यातलं काही कळत नाही. पण ज्या दिवशी भोंगा वाजत नाही ना, त्या दिवशी तो एकदा 'टुक' करतो. आणि वरचा दिवा विझून परत लागतो."

नानांनी कपाळावर पंजा मारून घेतला.

भोंगा होता जीपचा. तो सुरू झाला की बॅटरीतली सगळी वीज ओढून घ्यायचा. ऊन असलं, बॅटरी भरलेली असली, तर भागून जायचं. ढग आले की चिपला वीज पुरायची नाही. ती क्षणभर बेशुद्ध पडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. म्हणजे भोंग्याची गरज पडली की भोंग्यामुळेच यंत्र बंद पडत होतं. आणि भोंगा काढला की यंत्रात काही दोषच उरत नव्हता!

नानांनी भोंग्याला वेगळी बॅटरी बसवली आणि ते वानरसाहेबांकडे धावत गेले.

"साहेब, दोष सापडला! आता फक्त एकदा भोंगा जोडून बघू या."

"जोडून?" साहेबांची शेपूट ताठ झाली. "महाराज झोपलेत."

"मग ते उठल्यावर बघू."

"ते उठतात तेव्हा ऑफिस बंद होतं."

"पण साहेब, मावशीच्या जिवाचा प्रश्न आहे हो!"

"चौदा शिक्के आहेत, नाना. अजून काय हवं तिला?"

नाना पाणवठ्यावर आले. आभाळ भरून आलं होतं. मावशी पाण्यात तोंड घालून उभी होती आणि तिच्यासमोर एक लाट काही कारण नसताना पुढे येत होती. नानांनी मागचापुढचा विचार केला नाही. वामकुक्षीसाठी काढून ठेवलेली भोंग्याची वायर जोडली.

भोंगा असा काही वाजला की झाडावरची पाखरं उडाली आणि घुबडरावही फांदीवरून खाली पडले. मावशी वाचली. ती काठावर उभी राहून रडायला लागली. नानाही रडले. दोघांना फार बरं वाटलं.

तेवढ्यात महाराज गुहेतून बाहेर आले.

"कसला आवाज हा?"

"यंत्रात बिघाड झालाय, महाराज," वानरसाहेब म्हणाले. "आजवर कधीच झाला नव्हता."

तशी नोंद झाली. नानांचं मीटर आणि सगळी हत्यारं जप्त झाली. यंत्र दुरुस्त करण्यात आलं, म्हणजे त्यातला भोंगा कायमचा काढण्यात आला. हिरवा दिवा मात्र पहिल्याच्या दुप्पट मोठा बसवला. सोहळा झाला. ज्येष्ठ जलचर या नात्याने मगरबाईंना पाहुणी म्हणून बोलावलं होतं. त्यांनी दातांनी फीत कापली आणि त्या यंत्राबद्दल फार चांगलं बोलल्या.

"मावशी, तिकडे जाऊ नका," नाना हात जोडून म्हणाले.

"मग पाणी कुठे पिऊ, नाना?" मावशीने विचारलं.

जंगलात दुसरा पाणवठा नव्हता.

मावशी दोन दिवस तहानलेली राहिली आणि तिसऱ्या दिवशी पाणवठ्यावर गेली.

खात्याने चौकशी मात्र तातडीने केली. अहवाल एका ओळीचा होता: 'घटनेच्या वेळी यंत्र सुस्थितीत होते.' खाली साहेबांची सही आणि पंधरावा शिक्का.

तात्पर्य: बाळांनो, मोठेपणी तुम्हीही यंत्रं बनवाल. ती नीट तपासा. फक्त ज्या कामासाठी ती बनवली, तेवढं सोडून बाकी सगळं तपासा. मग तुमचं यंत्र कधी नापास होणार नाही, आणि तक्रार घेऊन कुणी परतही येणार नाही.