सुरगाण्याची गाडी

"मुद्दाम काहीतरी चुकीचं घाल आणि ते कुठं अडतंय ते बघ," असं सांगून हिंगमिरे साहेब चहा प्यायला निघून गेले.

देवराम आहिरेला असलं काम आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होतं. चूक झाली की बोलणी खायची एवढंच त्याला आजवर ठाऊक होतं. पण सातपूरच्या त्या कारखान्यात नुकताच कॉम्प्युटर आला होता. त्याला ठेवायला थंडगार खोली होती आणि खोलीबाहेर चपला काढायची पाटी. आत तीन प्रोग्रॅम होते. कामगारांची नावं-पत्ते ठेवणारा देवरामने लिहिलेला, बसगाड्या ठरवणारा पुण्याहून विकत आणलेला आणि गेटचे पास काढणारा हिंगमिरे साहेबांच्या मेव्हण्याने केलेला. पहिल्याचं उष्टं दुसऱ्याने खायचं, दुसऱ्याचं तिसऱ्याने. आता उष्ट्यात खडा निघाला तर पुढचा तो थुंकतो की गिळतो, हे देवरामने बघायचं होतं.

देवराम अजून प्रोबेशनवर होता, म्हणून त्याचं स्वतःचं नावही कामगारांच्याच यादीत होतं. सिस्टीम नीट चालली तर महिनाअखेरीस पर्मनंट, नाहीतर सटाण्याला वडिलांबरोबर कांदे निवडणं, असा सरळ हिशोब होता.

त्याने एक कामगार मनानेच तयार केला. सहादू गावित, राहणार सुरगाणा. कंपनीच्या बसची धाव सायखेड्यापर्यंत. सुरगाणा म्हणजे घाटापलीकडे, गुजरातच्या वेशीजवळ. बसचा प्रोग्रॅम "असा थांबा नाही" म्हणून ठणाणा करील, अशी देवरामची खात्री होती. पण पुण्याच्या त्या प्रोग्रॅमला सायखेडाही माहीत नव्हतं आणि सुरगाणाही. त्याला दोन्ही सारखीच. पडद्यावर काहीच उमटलं नाही, तेव्हा चाचणी चाललीच नाही असं समजून देवराम शनिवारी संध्याकाळी सटाण्याच्या एसटीत बसला.

सोमवारी सकाळी ड्रायव्हर रावजी खोलीच्या दारात उभा होता. चपला त्याने काढल्या नव्हत्या.

"साहेब, हा सुरगाण्याचा रूट कुणाच्या डोक्यातनं निघाला?"

देवराम खुर्चीतून उठला. "रावजी, तुम्ही गेलात की काय?"

"कागद आला, गेलो. कोंबडं आरवायच्या आत घाट चढलोय."

"पण तिथं कुणी नसेल ना."

"नसंल कसं? एक माणूस आणा म्हणून लिवलं होतं. एक आणला."

खरोखरच आणला होता. झुंबर गावित नावाचा एक माणूस द्राक्षबागेच्या मजुरीला जायचं म्हणून सुरगाण्याच्या नाक्यावर जीपची वाट बघत होता. रावजीने विचारलं, "कामाला चालला का?" तो "हां" म्हणाला. "मग बस," रावजी म्हणाला. या संभाषणात खोटं असं कुणीच काही बोललं नव्हतं.

गेटवर वॉचमन गेणूने मात्र आपलं काम चोख केलं.

"नाव?"

"झुंबर गावित."

"पास तर सहादू गावितचा हाय."

पासाबद्दल झुंबरला काय ठाऊक असणार? गेणूनेच विचार केला. "घरी झुंबर म्हणत्यात व्हय तुला?"

"घरी झुंबरच म्हणतात."

"मग बरोबर हाय," म्हणून गेणूने पास त्याच्या हातात दिला.

पॅकिंगमध्ये एक जागा कधीची रिकामी होती. फोरमनने झुंबरला खोकी बांधायला बसवलं आणि कॉम्प्युटर आल्याचा आपल्यालाही काही फायदा झाला, असं पहिल्यांदाच कबूल केलं.

देवराम धावत हिंगमिरे साहेबांकडे गेला. "साहेब, सुरगाण्याचा तो माणूस..."

"आत्ता मोठ्या साहेबांकडूनच येतोय," हिंगमिरे खुर्चीत रेलत म्हणाले. "दुर्गम भागातून कामगार आणला म्हणून खूश आहेत. कल्पना कुणाची, विचारत होते. मी म्हटलं, आमच्या खात्याची."

"पण साहेब, तो चाचणीसाठी होता."

"मग पास झाला ना चाचणीत? झालं तर."

आठवडाभरात सुरगाण्याची गाडी भरून येऊ लागली. कुणी सिव्हिल हॉस्पिटलला निघालेलं, कुणाची नागलीची गोणी, कुणाच्या कडेवर पोर. "रिकामी गाडी घाटातनं आणायची म्हंजे पाप लागंल," रावजी म्हणे. गाडी कारखान्यात जायच्या आधी तो बाकी सगळ्यांना सातपूरच्या नाक्यावर उतरवायचा. यादीतलं सहादू गावितचं नाव खोडून टाकायचं ठरवून देवराम एकदा मशीनसमोर बसलाही. तेवढ्यात झुंबर दारातून आत डोकावला. त्याच्या बायकोने, कुसाबाईने, साहेबांसाठी नागलीची भाकरी पाठवली होती. मऊ आहे तोवर खावी म्हणून देवरामने आधी भाकरी खाल्ली. नंतर नाव खोडायचं त्याच्या हातून झालं नाही.

झुंबर राहिला तर राहू दे, पण पुढची चूक तरी अडलीच पाहिजे, असं ठरवून त्याने गेटच्या प्रोग्रॅममध्ये एक चाळण बसवली. ज्याच्या नावापुढे बसचा थांबा नाही, त्याचा पास बंद. बसवून बघितली. पडद्यावर काहीच उमटलं नाही. म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजून तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी महिनाअखेर होती आणि मोठे साहेब पर्मनंटच्या ऑर्डरवर सही करणार होते. देवराम इस्त्रीचा शर्ट घालून पंचवटीहून आपल्या लूनावर आला. गेणूने गेटवर हात आडवा केला.

"साहेब, तुमचा पास बंद हाय."

"अहो गेणू, मी रोज येतो."

"येता की. मी वळखतो तुम्हाला. मशीन वळखत नाय."

देवरामच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सुरगाण्याला थांबा होता. लूनाला नव्हता.

"मला आत जाऊ द्या, दोन मिनिटांत दुरुस्त करतो."

"आत जायाला पास लागतो साहेब."

"मग हिंगमिरे साहेबांना तरी बोलवा."

"ते मोठ्या साहेबांच्या केबिनमधी बसल्यात. तुमचीच वाट बघत्यात म्हणं."

एवढ्यात मागून हॉर्न वाजला. कंपनीची गाडी गेटवर अडवायची नाही असा नियम होता, त्यामुळे गेणूने फाटक सताड उघडलं. खिडकीतून झुंबरने डोकं बाहेर काढलं. पॅकिंगमधली टोपी त्याने गाडीतच घालून ठेवली होती.

"साहेब, उन्हात कशाला उभं? या की, जागा हाय."

देवरामने लूना झाडाखाली लावली आणि तो गाडीत चढला. गाडी आत शिरताना गेणूने त्याला नेहमीसारखा सलाम ठोकला.

केबिनमध्ये मोठे साहेब पेन उघडून बसले होते. "आहिरे, एकच विचारतो. आपल्या सिस्टीममध्ये चूक शिरली तर ती अडते का?"

देवरामने हिंगमिरे साहेबांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते.

"अडते साहेब. गेटवर अडते."

"छान. मग पुढं काय होतं तिचं?"

"बसमध्ये बसून आत येते."

मोठ्या साहेबांनी पेन कागदावर टेकवलं.

"कुठल्या बसमध्ये?"

"सुरगाण्याच्या."

"मग बरोबर आहे," म्हणून त्यांनी सही केली.